डोंगराला दिलेल्या भिंती

सह्याद्रीच्या माथ्यावर अजून गाडीचं चाक चढलं नव्हतं. कोकणातलं मीठ आणि देशावरची बाजरी माणसांच्या डोक्यावर बसूनच डोंगर ओलांडत होती. त्या काळात, फार फार वर्षांपूर्वी, कड्याच्या काठावरच्या सादडवाडीत ठमाबाई नावाची बाई राहत होती.

ज्या दिवशी बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. श्रावण चालू होता. नाचणीची लावणी उरकली होती. ठमाबाईनं चुलीभोवती ओली लाकडं वाळायला उभी केली होती आणि एक कोंबडी पुन्हापुन्हा त्या लाकडांवर चढत होती.

"भाजून निघशील, मेले," ठमाबाई तिला म्हणत होती आणि हाकलत होती. बाहेर धुकं इतकं दाट होतं की अंगणापलीकडचा गोठा दिसत नव्हता.

त्या धुक्यातून तिचा जावई धावजी आला. तो खालच्या तळवाडीचा. त्याच्या पाठीवर घोंगडीत गुंडाळलेली त्याची पोर होती, चिमी. धावजी गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलानं माखला होता. तो पडवीत बसला नाही, पाणीही मागितलं नाही. त्यानं पोर पाठीवरून उतरवून सासूच्या पुढ्यात ठेवली.

"मामी," तो म्हणाला, "डोंगर आला."

"कुठवर?"

"घरावर."

ठमाबाईनं पोरीला मांडीवर घेतलं. तिचे पाय बर्फासारखे गार पडले होते, ते चोळले. मग लेकीचं विचारलं, "हौसा?"

"गोठ्यात होती. धार काढत होती."

कोंबडी पुन्हा लाकडांवर चढली. या वेळी तिला कुणी हाकललं नाही.

आता तो मुलूख कसा आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सादडवाडीच्या मागं, पूर्वेला, पठार आहे. पठारावरून दिवसभर चाललं की पाऊस मागं राहतो आणि कोरडी ज्वारी-बाजरीची रानं लागतात. पुढं, पश्चिमेला, काहीच नाही. तिथं डोंगर एकदम तुटतो. समुद्रावरून निघालेले ढग येऊन त्या कड्याला धडकतात आणि जे काही आणलेलं असतं ते तिथंच ओततात. वारा असा, की कड्यावरून पडणारं पाणी खाली पोचत नाही, उलटं वर उडून बघणाऱ्याच्याच तोंडावर येतं. कड्याच्या पायाशी डोंगर जरा विसावतो आणि मग पुन्हा कोकणाकडे उतरू लागतो. त्या मधल्या पायरीला तिकडे पदर म्हणतात. त्या पदरात तळवाडी होती, तिची भातखाचरं होती आणि बाराही महिने न आटणारा एक झरा होता. आणि कडा नि तळवाडी यांच्यामध्ये होता एक मोठा तिरका उतार. त्याचं नाव थोरली उतरण.

थोरल्या उतरणीवर करवी होती. दुसरं झाड तिथं उभं राहूच शकत नव्हतं, इतकी ती तिरकी. करवी म्हणजे पुरुषभर उंचीचं झुडूप, सरळ काठ्यांचं, एकमेकांना खेटून वाढणारं. सात वर्षं ती नुसती वाढते. मग एका भादव्यात सगळीच्या सगळी एकदम फुलते, डोंगर जांभळा होतो, आग्या मधमाश्यांची मोहोळं कड्याला लोंबू लागतात. फुलून झालं की करवी मरते. तिच्या वाळलेल्या काठ्या विणून लोक घरांच्या भिंती करायचे. वरून शेणमाती लिंपली की झाली भिंत.

पण काठी केव्हा तोडायची याचा एक रिवाज होता. फुलल्यानंतरचा हिवाळा जाऊ द्यायचा, उन्हाळाही जाऊ द्यायचा. वैशाखाच्या अखेरीला वळवाचा शिडकावा आला की वाळलेली बोंडं ओलावतात आणि तडातडा फुटतात. आतलं बी चौफेर उडतं. सगळा डोंगर लाह्या भाजल्यासारखा वाजतो. ती तडतड कानांनी ऐकल्याशिवाय करवीला कोयता लावायचा नाही. का लावायचा नाही, ते मात्र कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. जुनी माणसं एवढंच म्हणायची की डोंगरानं हो म्हटल्याशिवाय घ्यायचं नसतं.

दोन वर्षांमागं करवी फुलली होती. त्याच दिवाळीच्या सुमाराला मोठं वादळ झालं आणि दोन्ही वाड्यांतल्या घरांच्या भिंती आडव्या झाल्या. थंडी तोंडावर आली होती. गावचा कारभारी कोंडाजी उतरणीकडे बोट दाखवून म्हणाला, "फूल गळालं, झाड मेलं. मेलेल्याच्या परवानगीची कसली वाट बघता?" बोलणं सगळ्यांना पटलं. पौषातच उतरण बोडकी झाली. ठमाबाईनंही भारे वाहिले होते. हौसाच्या नव्या घराच्या भिंती तिनं स्वतः विणल्या होत्या.

पहिला पावसाळा मेलेल्या मुळांनी कसाबसा सांभाळला. दुसऱ्या पावसाळ्यात मुळं कुजली.

पाऊस जरा ओसरल्यावर ठमाबाई नाळेच्या वाटेनं खाली गेली. नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ, तिच्यातूनच तेवढं उतरता येतं. खाली अर्धी तळवाडी होती. उरलेल्या अर्ध्या जागी तांबडी माती होती आणि मातीत पुरुष माणसं पहारींनी खणत होती. ठमाबाई त्यांच्यात थांबली नाही. ती उतरणीवर चढली. उतरणीचा निम्मा भाग गेला होता. निम्मा अजून वर लटकत होता, उरलेल्या घरांच्या बरोबर डोक्यावर, आणि त्याच्या माथ्याला हात जाईल एवढी भेग पडली होती. तिनं करवीचं एक खोडकं धरून ओढलं. ते मुळासकट हातात आलं. दुसरं ओढलं, तेही आलं. चिखलातून काडी निघावी तसं.

तिथं ती बराच वेळ उभी होती. ती रडली नाही असं म्हणतात. असंही म्हणतात की त्या दिवशी उतरणीवरून वाहणारं पाणी खारट लागत होतं.

दिवसकार्यं उरकल्यावर दोन्ही वाड्यांची बैठक बसली. तळवाडीची उरलेली माणसं कुठं जाणार? वर सादडवाडीला नुसता कातळ, एक खाचर काढण्याइतकी माती मोकळी नव्हती. झरा खाली, भात खाली. कोंडाजी म्हणाला की वाघोबाला बोकड देऊ, तो डोंगर धरील.

"बोकड द्या," ठमाबाई म्हणाली. "पण डोंगर झाकायचं काम देवाला सांगू नका. त्यानं ते एकदा केलं होतं."

"मग कुणाला सांगू? तुला?"

"मला सांगा. मी बी आणते."

"कुठून? आपली करवी तर सगळी तोडली."

"आपली तोडली. डोंगर काय सादडवाडीपुरताच आहे? एका घाटात यंदा फुलते, दुसऱ्या घाटात पुढल्या साली. कुठंतरी यंदा असेलच फुललेली."

कोंडाजी हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "ठमाबाई, बी आणलं तरी करवी वाढायला सात वर्षं. तू तरी असशील का तोवर?"

"मी नसले तरी चालेल," ती म्हणाली. "करवी पाहिजे."

चिमीला तिनं धावजीच्या बहिणीकडे ठेवलं. भादव्यात, नाचणीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून, डोक्यावर पानांचं इरलं घेऊन ती निघाली. तिनं दक्षिणेची वाट धरली.

माथ्यामाथ्यानं ती चालत राहिली. उजव्या हाताला कोकण, डाव्या हाताला देश, आणि तिच्या दोन पायांखाली दोन्हीकडे वाटून जाणारं पाणी. एका थेंबाचा ओहोळ होऊन तो लगेच समुद्राला मिळणार, त्याला चिकटून पडलेला दुसरा थेंब पूर्वेला वळून सगळा देश पायी तुडवत जाणार. सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारांवर, बोटभर उंचीची फुलं होती, पिवळी, निळी, पांढरी, त्यांतून ती पाय जपून टाकायची. रायांमध्ये दिवसा अंधार असायचा. उंच फांद्यांवरून शेकरू, ती मोठी तांबूस खार, झेप घेत जायची आणि अर्धी खाल्लेली फळं खाली टाकायची. ओढ्यांच्या काठी कस्तूर पक्षी शीळ घालायचा, अगदी रिकामटेकड्या पोरानं घालावी तशी, आणि ठमाबाई त्याला म्हणायची, "वाट सांग, मग शीळ घाल."

प्रत्येक घाटात ती एकच विचारायची, "यंदा करवी कुठं फुलली?" कुणी म्हणे मागल्या साली इथं होती, कुणी म्हणे पुढल्या साली यावं. मग तिनं माणसांना विचारणं सोडलं आणि माश्यांना विचारलं, असं म्हणतात. आग्या माश्यांचा एक थवा तिच्या डोक्यावरून गेला. ती त्याच्यामागं चालली. माश्या थांबल्या की ती थांबायची. पायांखालचा काळा दगड संपून तांबडा जांभा लागला तरी ती चालतच होती. गव्यांचा कळप आडवा आला तर हात जोडून उभी राहायची, आणि ती पाण्याच्या टाकीएवढाली जनावरं तिच्याकडे बघून, फुरफुरून, बाजूनं निघून जायची. आणि मग एका सकाळी धुकं वर उचललं आणि समोरचा अख्खा डोंगर जांभळा होता.

त्या डोंगरावर धनगरांची चार झापं, गवतानं शाकारलेल्या झोपड्या, होती. एका झापापुढं झिमाबाई नावाची धनगरीण ताक घुसळत होती. ठमाबाईच्याच वयाची, पण अंगानं दुप्पट.

"कुठली गं तू?" झिमाबाईनं विचारलं.

ठमाबाईनं गावाचं नाव सांगितलं. ते नाव झिमाबाईनं कधी ऐकलं नव्हतं.

"एवढ्या लांबून फुलं बघायला आलीस? तुमच्याकडं फुलं नसतात का?"

"फुलं नको. बी पाहिजे."

"बी! ते पुढल्या उन्हाळ्यात पिकणार की!"

"थांबते."

"कुठं थांबतेस?"

"तुमच्याकडं."

झिमाबाईनं रवी सोडली. "ही विचारतीये का सांगतीये?" ती झापातल्या लेकांना म्हणाली. आणि मग एवढी हसली की मडक्यातलं ताक हिंदकळलं.

ठमाबाई थांबली. म्हशी राखल्या, शेणी थापल्या, जात्यावर दळलं. झिमाबाईला बोलायला फार लागायचं आणि ठमाबाई कमी बोलायची, त्यामुळं दोघींचं बरं जमलं. हिवाळ्यात सड्यावरचं गवत पहाटे पांढरं व्हायचं, पायाखाली करकर मोडायचं. माघात जुन्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याच्या मादीनं स्वतःला लिंपून घेतलं. चोच बाहेर निघेल एवढीच फट. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवायचा. ठमाबाई म्हशींमागं जाताना रोज त्या झाडाखाली घटकाभर थांबायची.

"काय बघतेस रोज रोज?" झिमाबाईनं विचारलं.

"आलाय का तो, ते बघते."

"येतोय की. न येऊन करतो काय?"

 मग ठमाबाईनं प्रथमच हौसाचं सांगितलं. गोठ्याचं, धारेचं, सगळं. झिमाबाई गप्प बसून ऐकत होती. झिमाबाई गप्प बसल्याचं तिच्या लेकांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

फाल्गुनात अडचण आली. धनगर त्या दिवसांत सड्यावरचं वाळलेलं गवत पेटवायचे, म्हणजे म्हशींना नवा हिरवा कोंभ मिळतो. त्यांच्या बापजाद्यांनी तेच केलं होतं. पण गवताला लागून वाळलेली करवी उभी होती, बोंडांनी भरलेली. ठमाबाई झिमाबाईच्या लेकांपुढं जाऊन उभी राहिली.

"यंदा पेटवू नका."

"मावशी, म्हशी काय खातील?"

"मग पेटवा. पण आधी मला कापू द्या."

करवीच्या कडेकडेनं ती गवत कापत सुटली, सड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी झिमाबाई विळा घेऊन आली आणि म्हणाली, "सरक तिकडं, तुझ्यानं पावसाळ्यापर्यंत व्हायचं नाही." मग लेकही आले. पट्टा मोकळा झाला आणि आग लावली गेली. वारा फिरला. ज्वाळा पट्ट्यापर्यंत आल्या आणि एक जीभ पट्टा ओलांडून करवीकडे झेपावली. ठमाबाईनं आपली घोंगडी तिच्यावर टाकली आणि वर स्वतः लोळली. आग तिथं थांबली. घोंगडी मात्र जळली नाही, नुसती काळी झाली, असं म्हणतात. केस तेवढे जळले.

वैशाख लागताच तिनं बोंडांचे तुरे कापले. कोरडे, खडखडीत. सगळ्या बोंडांना पाण्यापासून जपायचं होतं. एक सर आली असती तर बी भाऱ्यातच फुटून वाटेवर सांडलं असतं. झिमाबाईनं एक रेडा दिला, धाकटा लेक सोबत दिला आणि स्वतःची नवी घोंगडी भाऱ्यांवर पांघरली.

"ही परत आणून दे," ती म्हणाली. "नाहीतर मी येईन मागायला."

"ये," ठमाबाई म्हणाली. "घर बघून जा."

परतीच्या वाटेवर वळवाचा ढग तिच्या मागोमाग निघाला. काळा, पोटाशी विजा घेतलेला. सगळा डोंगरमाथा तो तिच्या पावलागणिक चालला. ती थांबली की गडगडायचा, ती निघाली की गप्प व्हायचा. मागच्या वाटेवर पाऊस, पुढच्या वाटेवर ऊन, आणि तिच्या भाऱ्यांवर एक थेंब नाही. ढग तिला राखत होता की गाठायला धावत होता, यावर दोन्ही वाड्यांत अजूनही वाद होतो.

सादडवाडीत पोचल्यावर तिनं पाणी प्यायलं, चिमीचं तोंड बघितलं आणि तडक उतरणीवर गेली. तिथं एक नवंच संकट होतं. उतरण आता इतकी उघडी आणि गुळगुळीत झाली होती की वरून टाकलेला खडा थेट खाली जायचा. बी तिथं टिकलं असतं ते पहिल्या सरीपुरतं. दुसरी सर ते धुऊन तळवाडीच्या खाचरांत नेऊन घालणार. मातीला आणि बियांना आडवं धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं, रुजेपर्यंत तरी. दगड रचावे तर दगडच सुटून घरांवर जाणार.

ती घरी आली. घराभोवती एक फेरी मारली. मग कोयत्याचा मागचा भाग घेतला आणि भिंतीवरची शेणमाती झोडून पाडायला सुरुवात केली. खालून करवीची वीण उघडी पडली, पक्की, चटईसारखी. मेढींना, घराच्या खांबांना, बांधलेले वेल तिनं कापले आणि भिंत अख्खी सुटी करून डोक्यावर घेतली.

कोंडाजी आपल्या ओट्यावर बसला होता. "अगं ए ठमाबाई! भिंत घेऊन कुठं चाललीस?"

"जिथली आहे तिथं."

"पावसाळा तोंडावर आलाय! राहशील कशात?"

"छप्पर आहे की."

ती भिंत तिनं उतरणीवर आडवी निजवली, ऐनाच्या लाकडाच्या खुंट्यांनी ठोकून बसवली आणि विणीच्या फटीफटींतून बोंडांचे तुरे खोवले. मग दुसऱ्या भिंतीसाठी परत आली. तिच्या घराच्या सगळ्या भिंती लागल्या तेव्हा उतरणीचा कोपराही झाकला नव्हता. लोक कडेला उभे राहून बघत होते. धावजी सांधे बांधायला लागला. बाकी कुणी हललं नाही.

"दुःखानं डोकं फिरलंय तिचं," कुणीतरी म्हणालं.

ठमाबाईनं ते ऐकलं. ती खुंटी ठोकत राहिली. ठोकता ठोकता म्हणाली, "माझी लेक गेली. ती काही या भिंतींनी परत येत नाही. वर लटकलंय ते ज्यांच्यावर यायचंय, ती माणसं अजून जेवतायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडाजी घरात जेवायला बसला होता. त्याची बायको सखूबाई बाहेर गेली, ती आत आलीच नाही. कोंडाजीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि समोरची भिंत हलली. मग ती गेली. कोंडाजी मांडी घालून, हातात भाकरी घेऊन, सगळ्या गावाला दिसू लागला.

"काय करतेस!" तो ओरडला.

"तुम्ही जेवा," सखूबाई भिंतीमागून म्हणाली. "पाठीमागची राहिलीय, ती तुम्हीच सोडवा."

गाव आधी हसलं. आणि मग, हसता हसताच, ज्यानं त्यानं आपापल्या घराकडे पावलं वळवली. उन्हं कलायच्या आत सादडवाडीत झोडपण्याचा आवाज घुमू लागला. तळवाडीतही घुमला. पौषात ज्या काठ्या उतरणीवरून खाली आणि वर गेल्या होत्या, त्या वैशाखात माणसांच्या डोक्यांवरून परत निघाल्या. कुणाच्या भिंतीवर हळदीच्या हातांचे ठसे होते, कुणाच्या भिंतीत पाळण्याची आकडी तशीच राहिली होती. उतरण वरपासून खालपर्यंत झाकली गेली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की डोंगराला कुणी घर बांधून दिलंय.

शेवटची खुंटी ठोकली आणि वळवाचा तो ढग कड्याला येऊन टेकला, असं म्हणतात. शिडकावा आला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक बोंड फुटलं. मग दुसरं. मग सगळी उतरण तडतडायला लागली, डावीकडून उजवीकडे, खालून वर, आणि तो आवाज कड्यावर आपटून दुप्पट होऊन परत आला. दोन्ही वाड्या उभ्या राहून ऐकत होत्या. कोंडाजीनं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

तो पावसाळा दोन्ही वाड्यांनी बिनभिंतींचा काढला. पानांचे आडोसे, घोंगड्यांचे पडदे, आणि वारा आला की चुलीतली राख सगळ्यांच्या ताटात. माणसं आजारी पडली, बरी झाली. एकदा बिबट्या कोंडाजीच्या घरात एका बाजूनं शिरला आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेला. वाटेत काही नव्हतं म्हणून त्यानं थांबायचं कारणच नव्हतं, असं सखूबाई पुढं सांगायची.

ठमाबाई मात्र घरात नव्हती. उतरणीच्या अगदी माथ्याला, कड्याच्या पायाशी, भेगेच्या शेजारी ती इरलं घेऊन बसायची. भेगेत तिनं एक काठी खोचली होती. काठी कलली की ओरडायचं, खालच्यांनी झऱ्यापलीकडच्या मोकळ्या माळावर पळायचं, असं ठरलं होतं. दिवसा ती बसायची, अंधार पडला की धावजी.

श्रावणात पुन्हा तसाच पाऊस लागला. मागल्या श्रावणासारखाच, न खळणारा. एका दुपारी काठी कलली.

ठमाबाई ओरडली. ती हाक धुक्यातून, पावसातून, धबधब्यांच्या आवाजावरून तळवाडीत पोचली. पोचलीच, पण पार कोकणात भात लावणाऱ्यांनीही मान वर करून डोंगराकडे पाहिलं, असं म्हणतात. तळवाडी माळावर धावली. चिमी धावजीच्या खांद्यावर होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. उतरण सुटली. झाकलेल्या भिंतींसकट, ठोकलेल्या खुंट्यांसकट ती खाली सरकू लागली, आणि तिच्याबरोबर मधोमध, इरलं डोक्यावर घेऊन, ठमाबाई खाली येत होती.

भिंतींच्या फटींतून तोवर करवीची रोपं वर आली होती. बोटभरच, पण दाट. त्यांची मुळं विणीत गुंतली होती, विणीखालच्या मातीत गेली होती. डोंगर हातभर सरकला. अजून हातभर सरकला. मग सगळ्यात खालची ओळ ताणली, करकरली आणि थांबली. तिच्यावरची ओळ थांबली. ठमाबाईनं दोन्ही टाचा मातीत रोवल्या होत्या आणि पाठ डोंगराला लावली होती. तिनंच तो अडवला असं लोक म्हणतात. तिला स्वतःला विचारलं तर म्हणायची, "मी कसली अडवते? मी घसरत होते."

तळवाडीवर त्या दिवशी एक ढेकूळही पडलं नाही.

पुढं ती रोज वर जात राहिली. आत शिरलेली गुरं हाकलायची, उपटलेलं रोप पुन्हा खोचायची, मेलेल्या जागी बी टाकायची. करवी गुडघ्याला आली, कमरेला आली, तिच्या डोक्यावरून गेली. तेव्हा ती आत गेलेली बाहेरून दिसायची नाही, नुसते शेंडे हलायचे. झिमाबाई एकदा खरंच घोंगडी मागायला आली, महिनाभर राहिली आणि घोंगडी इथंच ठेवून गेली. चिमी मोठी झाली, तिचं लग्न तळवाडीतच झालं. लोकांनी हळूहळू दुसऱ्या झाडांच्या काठ्यांनी भिंती घातल्या.

ज्या भादव्यात उतरण फुलणार होती, त्याच्या आधीच्या ज्येष्ठात ठमाबाई गेली. घरातच, साध्या तापानं. फुलली तेव्हा ती नव्हती. त्या वर्षीचं जांभळं तळकोकणातून दिसलं. आग्या माश्या इतक्या आल्या की कडा काळा पडला. पण मध काढायला त्या वर्षी कुणी गेलं नाही.

कोंडाजी तोवर पार म्हातारा झाला होता. फुलं गळली, करवी वाळली, पौष आला तेव्हा कुणाला तरी घर बांधायचं होतं. तो कोयता घेऊन निघाला. कोंडाजी नाळेच्या तोंडाशी खाट टाकून बसला होता.

"वाजली का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग ये वाजल्यावर."

तो वैशाखापर्यंत त्या खाटेवरून उठला नाही, असं म्हणतात.

आजही सादडवाडीत आणि तळवाडीत करवी फुलल्यानंतरच्या वैशाखात माणसं उतरणीसमोरच्या कातळावर जमतात. लेकी माहेरी येतात. वळवाचा शिडकावा आला की सगळे गप्प बसतात, रांगतं मूलसुद्धा मांडीवर घेऊन गप्प करतात, आणि तडतड ऐकतात. ती थांबली की कुणीतरी म्हातारी बाई म्हणते, "ठमाबाईनं हो म्हटलं." मगच कोयत्यांना धार लागते. दर श्रावणात, पाऊस लागून राहिला की घराघरातून एक माणूस पाळीनं माथ्यावर जाऊन बसतो, जिथं ती बसायची तिथं. आता भेग नाही. तरी काठी खोचतात.

ती बसायची ती जागा अंगणाएवढी आहे. सगळी उतरण करवीनं भरली, तेवढीच उघडी राहिली. काही म्हणतात बसणाऱ्यांच्या पायांनी तिथं उगवत नाही. काही म्हणतात तिथं बी धरतच नाही. दर फुलोऱ्याला ठरतं की या खेपेला तिथंही दोन मुठी टाकायच्या.

तिथं अजून कुणी बी टाकलेलं नाही.